नानांच्या हातचा घास

आमच्या शेजारचे नाना म्हात्रे रोज सकाळी टबाजवळ उकिडवे बसून दोन कासवांची मनधरणी करायचे. भोपळ्याचा बारीक तुकडा चिमटीत धरून म्हणायचे, "खा रं पोरांनो. एकच एक खाऊन जीव कसा भरल?"

कामतघर भागातले आपले कापडाचे लूम विकून नाना घरी बसले, तेव्हा पुतण्याने ही कासवं आणून दिली. नाना आणि त्यांच्या पत्नी सुलभाकाकी यांना मूलबाळ नव्हतं. कासवं भारी हट्टी. सुक्या कोलंबीशिवाय कशाला तोंड लावत नसत. पाठीची कवचं मऊ पडू लागली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, पाला, भाज्या, गांडुळं, सगळं आलटून पालटून द्या. नानांनी ध्यासच घेतला. कोलंबीच्या पाण्यात गाजराचा कीस भिजवायचा, त्यात कोवळा पाला चिरून घालायचा आणि कोलंबी हळूहळू कमी करत न्यायची. कासवांनी तोंड फिरवलं तरी ते चिडत नसत. "मीच बारीक चिरलं न्हाय," म्हणायचे. शेवटी एकदा मोठ्या कासवाने गाजर गिळलं, तेव्हा आमच्या दारात येऊन ओरडले, "बाय, खाल्लं गं त्यानं!" डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला नाना फार आवडायचे.

त्याच वर्षी सुलभाकाकींच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी तोंडाची चव गेली, अन्न घशाखाली उतरेना. एकदा मी बसले असताना त्या म्हणाल्या, "बोंबलाचं पातळ कालवण मिळालं असतं तर..."

नाना गाजर किसत होते. मान वर न करता म्हणाले, "पेज हाय ना? नखरे नकोत. मान्सानं पुढ्यात येल ते खावं."

दुसऱ्या दिवशी मी कालवण नेलं. काकींनी वाटीभर खाल्लं. संध्याकाळी नाना वाटी परत द्यायला आले. "तिला सवयी लावू नको," एवढंच बोलले.

पुढे काकींचे भाऊ त्यांना शेलार गावी, माहेरी घेऊन गेले. नाना गेले नाहीत. कासवांचं कोण बघणार, म्हणाले.

काकींचं काही खरं नाही असा निरोप आला, तेव्हा नानांनी स्वतः बोंबील आणले, काटा काढून अगदी मऊ शिजवले. रिक्षात मी सोबत होते. डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता.

काकींना टेकू देऊन बसवलं. नानांनी घास कुस्करून चिमटीत पुढे केला. "सुलभा, खा गं. थोडंच."

काकी त्या बोटांकडे बघत राहिल्या. "एवढं येतं तुमाला?" त्यांनी विचारलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या आठवड्यातच त्या गेल्या.

माया करता येत नाही अशी माणसं असतात. त्यांना मी समजून घेते. नाना त्यांतले नव्हते. म्हणूनच त्यांच्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.