किती माणसांची सोलर

बाबांनी वही उघडली त्या संध्याकाळपासून माझ्या खोलीतला दिवा माझा राहिला नाही.

ते लोडशेडिंगचे दिवस. दोन हजार सहा-सात साल असेल. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास वीज जायची, आणि वेळापत्रक दर महिन्याला बदलायचं. सिडकोतल्या आमच्या घराला वर गच्ची आणि खाली चार खोल्या. उन्हाळ्यात पंखा बंद पडला की भिंती दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन परत द्यायला लागायच्या. गल्लीत घरोघरी इन्व्हर्टर आले होते. बाबांचा इन्व्हर्टरवर राग होता. वीज असेल तेव्हा ती बॅटरीत भरून ठेवायची आणि नसेल तेव्हा वापरायची, म्हणजे टंचाईत सगळ्यांनी साठेबाजी करायची, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पुरती भरण्याइतका वेळ वीज राहते कुठे? नाशिकला ऊन कमी नाही, आपण सोलर बसवू, असं त्यांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं.

बाबा ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाले होते. माप घेतल्याशिवाय ते घरात खिळासुद्धा ठोकत नसत. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं की पॅनेल किती मोठं घ्यायचं ते घरातले दिवे-पंखे किती तास चालतात त्यावर ठरतं. दुसऱ्या कुणी अंदाजे चार आकडे सांगून मोकळं केलं असतं. बाबांनी शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि पंधरा दिवसांची नोंद ठेवायला घेतली. स्वयंपाकघर, हॉल, आमची खोली, तिची खोली. दिवा लागला की वेळ लिहायची, विझला की वेळ लिहायची.

‘ती’ म्हणजे मी. चौतीस वर्षांची, एकुलती एक, पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये नोकरीला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे कागद माझ्याकडे असायचे. कुठल्या बागेतला माल, फवारणी कधीची, लॅबचा रिपोर्ट आला की नाही. सकाळी सातला द्वारका चौकातून एसटी धरायची, संध्याकाळी परत यायचं. आता घरीही माझे कागद तयार व्हायला लागले होते. तिची खोली: सात वाजून वीस ते सात चाळीस. पुन्हा आठ दहा ते साडेनऊ. गुरुवारी आठपर्यंत दिवा नाही, म्हणजे मी उशिरा आले. बाबा त्याबद्दल एक शब्द विचारायचे नाहीत, पण वही टीव्हीशेजारी उघडी असायची. चौतिसाव्या वर्षी आपण कधी घरी आलो आणि कधी खोलीत गेलो हे बापाच्या सुवाच्य अक्षरात वाचायला लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल. मला चीड यायची. पण भांडणार कशावरून? ते माझ्यावर थोडंच लक्ष ठेवत होते? ते पॅनेलचा हिशोब करत होते.

त्या घरात मी कशी राहत होते तेही सांगायला हवं. शिक्षण संपलं तेव्हापासून आई येईल-जाईल त्याला सांगायची, ‘ही काय, आता वर्षभराची पाहुणी.’ ते वर्षभर अकरा वर्षं चाललं. दोन ठिकाणी जमत आलं आणि फिसकटलं, मग कांदेपोह्यांचे कार्यक्रम आपोआप कमी झाले. माझ्या खोलीत कपाट करून घ्यायचा विषय निघाला की आई म्हणायची, ‘कशाला? हिला काय इथं राहायचंय?’ म्हणून माझे कपडे अकरा वर्षं पलंगाखालच्या दोन सुटकेसमध्ये. रोज सकाळी वाकून सुटकेस ओढायची, साडी काढायची, सुटकेस आत ढकलायची. मला जाऊ देत नव्हतं कुणी, आणि राहते आहे असंही कुणी धरत नव्हतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं. आमच्या मालकांनी तासगावला नवं पॅकहाऊस उभं केलं होतं आणि तिथलं सगळं माझ्या हाती द्यायचं ठरवलं होतं. पगार चांगला आणि राहायला क्वार्टर. मला दोन खोल्यांची स्वतःची किल्ली मिळणार होती, याच्यापुढे पगाराचं मला काही वाटत नव्हतं. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. मी रोज एसटीत ठरवायचे की आज घरी सांगायचं. घरी आलं की आई चहा टाकायची, बाबा घड्याळ बघून वहीत लिहायचे, आणि माझं तोंड बंद व्हायचं. आईचे गुडघे गेले होते, बाबांना साखर होती. ‘मी जाते’ हे वाक्य त्या दोघांसमोर उभं राहून कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं.

मग मला एक शक्कल सुचली. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मोठी हुशारी वाटली होती. दुकानदाराने दोन मापं सांगितली होती. एका पॅनेलवर तीन दिवे आणि एक पंखा, दोघांचं घर आरामात चालेल. दोन पॅनेल आणि मोठी बॅटरी घेतली तर पाच दिवे, दोन पंखे. म्हणजे दोन मापांतला फरक होता तो माझ्या खोलीचा. माझ्या रकान्यात आकडे कमी पडले तर बाबा आपोआप लहान सिस्टीम घेतील, आणि ती एकदा गच्चीवर बसली की घर दोघांचं झालं. मग ‘जाते’ म्हणणं सोपं. जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते मी पॅनेलकडून वदवून घ्यायला निघाले होते.

मी खोलीत दिवा लावणं बंद केलं. कागद घेऊन हॉलमध्ये बसायचे, कपडे अंधारात चाचपून काढायचे. एकदा दोन रंगांच्या चपला घालून पिंपळगावला पोचले. चार दिवस माझ्या रकान्यात शून्य आलं. चौथ्या शून्यापुढे बाबांनी बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

‘तुझी खोली शून्य येतेय,’ ते म्हणाले. ‘बरं नाही का?’

‘उकडतं तिथं,’ मी म्हटलं.

‘उकडतं म्हणजे पंखा लागेल,’ असं म्हणून त्यांनी माझ्या रकान्यात पंखा लिहिला. माझी शक्कल माझ्याच अंगावर आली.

रविवारी सकाळी दुकानदार घरी आला. मूळचा सिन्नरकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला मोकळा. त्याने गच्ची पाहिली, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते पाहिलं, आणि खाली येऊन बाबांची वही हातात घेतली. बराच वेळ पानं उलटली.

‘काका, लय बारीक काम केलं तुमी,’ तो म्हणाला. ‘येवढं कोणी नाय करत. मी आपलं एकच पक्कं करून घेतो. घरात कायमची माणसं किती?’

आई चहाचे कप मांडत होती, ती थांबली. बाबांनी पेनाला टोपण लावलं.

‘हिला विचारा,’ बाबा म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे वळला. ‘बोला ताई. तुमी ऱ्हानार का हितं?’

एवढाच प्रश्न होता. पर्स माझ्या मांडीवर होती आणि पत्र पर्समध्ये. ‘दोन’ म्हणायचं होतं, पुढचं सगळं त्यामागे आपसूक आलं असतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात आई, कपांकडे बघतच, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली, ‘हिच्या खोलीत पंखा नको का चालायला?’

जिने अकरा वर्षांत मला एक कपाट होऊ दिलं नाही ती. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात काहीतरी मला धरून मोजलं जात होतं, आणि तेच मला नको होतं. मला रडू येत होतं आणि भयंकर रागही येत होता, तिचाही आणि माझाही.

‘तीन,’ मी म्हटलं. ‘मोठी घ्या.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘नक्की?’

‘हो.’

‘बघ हं. एकदा बसली की पॅनेल पंचवीस वर्षं चालतं.’

‘हो म्हटलं ना बाबा.’

त्यांनी टोपण काढलं आणि वहीत लिहिलं. मी मनात पंचवीस मिळवले. एकोणसाठ. पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही, मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. यांनी मला बरोबर कोंडलं, असं मला वाटत होतं. हिला विचारा म्हणे. बाहेरच्या माणसासमोर मुलगी नाही म्हणणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

सोमवारी मी तासगावला नकार कळवला. कारण काय लिहायचं ते सुचेना म्हणून ‘घरगुती अडचण’ लिहिलं. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी तिथं रुजू झाली. तिने आठवड्याभरात फोन करून क्वार्टरच्या खिडकीतून काय दिसतं ते मला सविस्तर सांगितलं.

पॅनेलं यायला तीन आठवडे लागले. बसवायच्या दिवशी बाबा गच्चीवर होते आणि दुकानदार खाली हॉलमध्ये वायर मोजत होता. मी त्याला पाणी दिलं.

‘बरं झालं ताई तुमी येळेवर सांगितलं,’ तो म्हणाला. ‘काकांनी तर आधी फोनवर ल्हान सिस्टीमच पक्की केली व्हती. मुलगी चालली तासगावला, म्हणाले, आमी दोघंच राहू. मी म्हटलं, रविवारी येतो, जागा बघतो, मंग फायनल करू.’

मी ग्लास ठेवला आणि टीव्हीशेजारची वही उघडली. पंधरा दिवसांच्या नोंदीनंतरचं पान. वर लिहिलं होतं, ‘माणसे दोन.’ खाली सगळा हिशोब शाईत, व्यवस्थित, दोनदा अधोरेखित केलेल्या उत्तरासह. ‘माणसे तीन’ हा हिशोब समासात होता, घाईघाईने बसवलेला.

गच्चीवर गेले. बाबा उन्हात टोपी घालून पॅनेलचा कल कोनमापकाने तपासत होते.

‘तुम्हाला माहीत होतं?’

त्यांना काय ते विचारायची गरज पडली नाही. ‘तुझ्या ऑफिसातून फोन आला होता,’ ते म्हणाले. ‘तू वाटेत होतीस. क्वार्टर एकटीला लागेल की घरची माणसं येणार, असं विचारत होते. मी म्हटलं, एकटीला.’

‘मग मला बोलला का नाहीत?’

‘मी आपणहून जा म्हणायचं?’ कोनमापक त्यांनी खिशात ठेवला. ‘इतकी वर्षं तुला पाहुणी म्हणत आलो आम्ही. त्यात मी जा म्हटलं असतं तर तुला काय वाटलं असतं? म्हटलं, तू सांगशील. त्या रविवारी मुद्दाम तुझ्यावर सोपवलं. तू मोठी घ्या म्हणालीस. मला वाटलं, तुलाच जायचं नाही.’

‘आणि आई?’

‘तिला मी सांगितलंच नव्हतं. तू सांगितल्यावर कळलं असतं तिला.’

आम्ही दोघं त्या निळ्या काचांशेजारी उभे होतो. खूप बोलावंसं वाटत होतं, ओरडावंसंही. पण खालून दुकानदाराने हाक मारली की वायर सोडा, आणि बाबा वायर सोडायला वाकले.

त्या संध्याकाळी वीज गेली आणि गल्लीत सगळीकडे अंधार झाला तेव्हा आमच्याकडे पाच दिवे लागले. आई इतकी खूश झाली की तिने शेजारच्या बायकांना बोलावून माझ्या खोलीतला चालू पंखा दाखवला. पुढच्या महिन्यात तिने सुतार बोलावला. कपाट झालं, सागवानी, आरशासकट. सुटकेस माळ्यावर गेल्या.

दोन वर्षांनी आई गेली. मग लोडशेडिंगही हळूहळू कमी होत गेलं. घरात दिवे दोनच लागायचे, एक हॉलमध्ये बाबांपाशी, एक माझ्या खोलीत. बॅटरी सकाळी दहालाच भरायची आणि चार्ज पूर्ण झाल्याचा हिरवा दिवा दिवसभर लागून राहायचा. बॅटरीत पाणी घालायचं काम महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा करायचे, मी टॉर्च धरायचे. अशाच एका रविवारी पाणी घालून झाल्यावर त्यांनी झाकणं लावली, हात पुसले, आणि हिरव्या दिव्याकडे बघत म्हणाले, ‘जरा मोठीच घेतली आपण.’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी वहीत तारीख घातली आणि मी चहा टाकायला आत गेले.