हॅलोमामाची मुकी जत्रा

माईक हातात आला की मामा आधी त्याला दोन टिचक्या मारायचे. टक, टक. मंग गरम चहावर मारावी तशी फुंकर. फूऽ, फूऽ. आणि मंग एकदम, "हॅलो हॅलो! मागच्याला येऊन राह्यलं का?"

मागच्याला म्हणजे मंडपातल्या शेवटच्या माणसाला, असं तुम्हाला वाटलं असंल. न्हाई. मामांचा मागचा माणूस गोदावरीच्या पलीकडं उभा असायचा. आमच्या शहागडचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, पण मामांचा आवाज तिथं बी तेवढाच यायचा.

त्यांचं नाव सांगत न्हाई. सांगून उपयोग बी न्हाई, खऱ्या नावानं पत्ता विचारला असता तर शेजाऱ्यानं बी मान हलवली असती. हॅलोमामा म्हणा, बसस्टँडवरचं कुत्रं दारापर्यंत आणून सोडील. लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. चार भोंगे, एक मशीन आणि एक माईक. त्या माईकच्या जाळीवर तालुक्यातल्या सगळ्या पक्षांची थुंकी एकत्र नांदत होती. लग्न असो, सप्ताह असो, न्हाई तर कोणाची म्हैस हरवलेली असो, मामांशिवाय गावाला तोंड नव्हतं.

सभेत मामा सगळ्यांच्या मागं उभे राहायचे आणि मशीनवर बसलेल्याला लांबून हातानं खुणा करायचे. तळहात वर. अजून वर. बसलेला बैल उठवावा तसा. तो हात खाली येताना कोणी पाह्यलाच नव्हता. मशीनवर बहुतेक मीच असायचो. शेजारी राहायचो, कॉलेज नावाला, आणि माईकची हाव लई. मला नकला येतात ना! चढावरच्या यष्टीचा दमा, हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न, सरपंचाचा खोकला, सगळं बराबर करतो. पण कुठं बी गेलो तरी फर्माईश एकच, "ए, हॅलोमामा करून दाखव!"

तर अशा माणसाच्या घरी, लग्नाला लई वर्षं झाल्यावर, गोदी जन्मली.

गोदीला आवाज सहन होईना. कुकरची शिट्टी झाली की पोरगी कान दाबून पलंगाखाली. ट्यूबलाईट गुणगुणते म्हणून रडायची. आम्ही सगळे कान लावून बसलो तरी आम्हाला ती ट्यूब कधी गुणगुणलेली ऐकू आली न्हाई. फ्रॉक उलटा घालायची, कारण आतली शिवण टोचते. खिचडीत मोहरी दिसली की ताट लांब. आणि भर वैशाखात बी अंगावर जड गोधडी लागायची, ती असली की शांत. गावातल्या बाया म्हणायच्या, "लाडानं वाया गेली," न्हाईतर, "बाहेरचं काही असंल, बघा एकदा."

मामांनी तिला जालन्याला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी कानात बॅटरी मारून पाह्यलं आणि म्हणले, "कान एकदम बराबर आहेत."

मामा म्हणले, "बराबर कुठं साहेब? जास्तीचे हायेत."

म्हणजे बघा, देव बी माझ्यासारखाच टवाळखोर. अख्ख्या गावाचा आवाज ज्याच्या घरी, असलं लेकरू बी त्याच्याच घरी दिलं.

मंग मामा घरात कुजबुजायला शिकले. ती कुजबूज ऐकण्यासारखी होती. पंक्चर झालेल्या टायरनं चहा मागावा तशी, "अहोऽ, चहाऽ." मामी आधी बाहेर जाऊन सायकल बघायची, मंग चहा टाकायची. आणि घराबाहेर काढायची तर मामा गोदीला सगळीकडं उलट्या टायमाला न्यायचे. बसस्टँड दाखवायला भर दुपारी, जेव्हा यष्टी येतच न्हाई. वडीगोद्रीच्या बाजाराला, बाजार उठल्यावर. पोरगी रिकाम्या ओट्यांवरून मजेत उड्या मारायची आणि मामा उरलेली वांगी घेऊन यायचे.

मामी वांगी उलटीपालटी करत म्हणायची, "बाजार पाह्यला का मयत पाह्यली?"

"पोरगी हसली," मामा म्हणायचे. "वांग्याचं काय, भरीत कर."

पण जत्रा काही उलट्या टायमाला नेता येत न्हाई. आमची जत्रा चैतात, नदीकडच्या मैदानात, मामांच्या घराच्या बराबर मागं. आदल्या दिवशी पाळणेवाला आला की लाकडी घोड्यांचा गोल पाळणा जोडायचा. गोदी खिडकीतून बघायची. त्यात एक पिवळा घोडा होता, एक कान तुटलेला. पोरीचा जीव त्याच्यावर बसला. "निम्माच कान हाये त्याला, निम्माच त्रास," असं मी म्हणलो तर तिनं माझ्याकडं असं पाह्यलं, जसं की पहिल्यांदा मी काही शहाण्यासारखं बोललो.

"बाबा, मला त्याच्यावर बसायचंय," ती म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी जत्रा भरायची, चारी दिशांनी भोंगे सुरू व्हायचे, आणि गोदी आतल्या खोलीत गोधडीखाली. संध्याकाळपर्यंत. दर साली.

एकदा मामी भाकरी थापता थापता बोलली. जोरात न्हाई, तिला जोरात बोलायची सवयच राह्यली नव्हती. "तुमचाच भोंगा, तुमचंच लेकरू. माणसानं कोणाला बोलावं?"

मामांनी भाकरी तशीच ठेवली आणि जत्रेच्या पंचांकडं गेले. मी मागं मागं. मामा म्हणले, सूर्य उगवल्यावर पहिला एक तास भोंगा न्हाई, जनरेटर न्हाई, पिपाणी न्हाई. पंच हसले. "मुकी जत्रा? मामा, लोक म्हणतील देवी रुसली!"

"देवी पहाटं झोपंतून उठती," मामा म्हणले. "तिला बी जरा चहा पिऊ द्या." पंचांनी हसत हसत तास दिला.

पाळणेवाल्यानं बी कुरकुर केली. "भाई, गाना नहीं तो गिराईक कैसे आयेगा?" मामांनी त्याला सांगितलं, गिराईक एकच हाये आणि ते खिडकीत उभं हाये. त्यानं खिडकीकडं पाह्यलं आणि गप घोड्यांच्या आसाला तेल घालायला लागला.

जत्रेची सकाळ झाली. ऊन कोवळं. गोदी उलटा फ्रॉक घालून, मामीच्या पदराचं टोक धरून आली. एक एक पाऊल. रेवडीवाला दिसला, थांबली. गोडीशेववाला दिसला, थांबली. फुगेवाल्याला मामांनी फुगे चोळू नको म्हणून सांगितलेलं, तो बिचारा हात पाठीमागं बांधून उभा. गोदी पाळण्यापाशी गेली. पिवळ्या घोड्याच्या तुटक्या कानावरून हात फिरवला. एक पाय वर टाकला.

तेवढ्यात लांब कुठंतरी एका पिपाणीवाल्यानं पीं केलं.

आणि मामांना सवय नडली हो. इतक्या वर्षांची सवय! भोंगे आदल्या दिवशीच बांधलेले, मशीन बॅटरीवर तयार, माईक हाताशी. मला कळायच्या आत टक टक, फूऽ फूऽ, आणि चारी भोंग्यांतून, "हॅलो हॅलो! सर्व पिपाणीवाल्यांना नम्र विनंती! कृपया शांतता राखावी! शांतता! मागच्याला येऊन राह्यलं का?"

मागच्याला आलं. नदीपलीकडच्याला बी आलं. पूल हादरला म्हणतात. मी मशीन बंद करेपर्यंत पिवळा घोडा रिकामा झाल्ता.

सगळे धावले, पण हाक मारायची सोय नव्हती, कारण हाक ऐकून ती अजून पळाली असती. मामीलाच आधी सुचलं. मैदानाच्या कडंला गुरांच्या कडब्याची गंजी होती, तिच्यात पेंढ्या काढून काढून पोकळी झाल्ती. गोदी तिच्यात घुसून बसलेली. चारी बाजूंनी कडबा, बाहेरचा आवाज आत न्हाई.

मामा गंजीजवळ जमिनीवर बसले. दिवसभर बसले. जत्रेत भोंगा लावायला दुसरं कोणी न्हाई, मी बी मशीनला हात लावला न्हाई; पंच बोलवायला आले, त्यांना मामांनी नुसता हात केला. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो हात खाली येताना पाह्यला. तळहात जमिनीकडं, हळू हळू खाली, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. पंच पाय न वाजवता गेले. आणि त्या सालची जत्रा आपोआपच मुकी झाली, पण ते काही कामाचं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा कडब्यातून एक हात बाहेर आला आणि मामांचा अंगठा धरला. तेवढंच.

पुढच्या जत्रेआधी मामा माझ्याकडं आले. माईक हातात, रुमालात गुंडाळलेला. "हे तुझ्यापाशी ठेव. तास होईस्तोवर मी मागितला तरी देऊ नको."

"आणि रागानं मागितला तर?"

"मंग पळ."

भोंगे तर बांधलेच न्हाईत. पण सांगायचं कसं? सगळ्या जत्रेला गप बसा म्हणून सांगायला एकच साधन, आणि ते माझ्या खिशात. मामा भांबावले. बिगर माईकचं सांगणं त्यांना ठाऊकच न्हाई. मंग मी म्हणलो, मामा, तुमचं काम मी करतो. गेलो दुकानोदुकानी. प्रत्येकापुढं बोटानं हवेत टिचक्या मारल्या, फुंकर मारली, आणि मामांच्याच आवाजात, पण अगदी कानात, "हॅलो हॅलो, सर्व रेवडीवाल्यांना नम्र विनंती. मागच्याला येऊन राह्यलं का?"

लोक तोंड दाबून हसले. हसणारा माणूस ऐकतो, हे माझं शिक्षण. बांगडीवाल्या बाईनं हातातल्या बांगड्या पदरात धरल्या. पिपाणीवाल्यानं पिपाण्यांची टोपलीच पोत्यानं झाकली, म्हणला, "झोपवली लेकरं."

गोदी आली. या वेळी थांबली न्हाई. सरळ पिवळा घोडा. पाळणेवाल्यानं हातानं पाळणा ढकलला, पायात चप्पल बी नव्हती त्याच्या. मामा मधी उभे, दोन्ही तळहात खाली, जसं काही सगळी जत्रा, नदी, हायवे, सगळं दाबून धरलंय. घोडा फिरून यायचा, गोदी मामांकडं बघायची, मामा डोळे मिचकवायचे. परत फिरून यायचा. घाम मामांना, वारा पोरीला.

पाळणा थांबला. ती उतरेना. काहीतरी पुटपुटली.

माईकसमोर कोणी असं पुटपुटलं की मामा ओरडायचे, "जोरात! मागच्याला जाईना!" मी वाटच पाहून राह्यलो होतो. मामा खाली वाकले, कान तिच्या तोंडाशी नेला.

"'अजून' म्हणती," मामा आम्हाला म्हणले. टायरमधली हवा सुटावी तसंच. पण डोळे पुसायला हात रिकामा नव्हता, ते दोन्ही तसेच खाली धरलेले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मैदानाच्या कडंला अजून काही माणसं उभी हायेत. शाळेतले एक सर होते, त्यांचा मुलगा होता हे मला माहीत, पण तो मी कधी पाह्यला नव्हता. सर त्याला घट्ट छातीशी धरून उभे. पोरगं बोटं डोळ्यांपुढं नाचवत घोड्यांकडं बघून राह्यलं होतं.

"मामा," सर हळूच म्हणले, "याला बी बसवू का? घरातून बाहेर येतच न्हाई हा. कळलं की आज आवाज न्हाई, म्हणून..."

"विचारता काय सर? घोडे उभेच हायेत ना," मामा म्हणले. "फक्त पिवळा सोडून कोणता बी."

मंग दर साली ते सुरू झालं. हसनाबादकडून बी एक जोडपं लेकराला घेऊन यायचं, रात्रीची शेवटची यष्टी पकडून, सकाळच्या त्या तासासाठी. कोणी ना कोणी बाळंतीण यायची, कानानं ऐकू न येणारा एक म्हातारा बी यायचा. त्याला मी खुणा करून विचारलं, बाबा, तुम्हाला भोंग्यानं काय फरक पडतो? तर म्हणला, "सगळे माझ्यासारखे झालेले पाहायला बरं वाटतं." मामांचा धंदा काही बंद झाला न्हाई, पण सभेत पुढारी ओरडायला लागला की मागून मामांचा हात खाली यायचा. "हळू साहेब. पुढच्याला बी कान हायेत."

मामा मागच्या पावसाळ्यात गेले. झोपंतच, कोणाला आवाज न देता.

या चैतात जत्रेला मी गेल्तो. पाळणा नवा, बिजलीवर फिरणारा, पण तो पिवळा घोडा जुन्या पाळणेवाल्यानं मामीला देऊन टाकलेला, तो मामीच्या ओसरीत हाये. सकाळी मैदानात जुनी सगळी मंडळी होती. सरांचा मुलगा आता उंच झालाय. कोणीतरी मला कोपरानं ढोसलं, "ए, मामा करून दाखव ना. आज पाह्यजेच." मी बोट उचललं, टिचकी मारायला.

तेवढ्यात नव्या पाळण्याच्या पोरानं, त्याला काय माहीत, गाण्याच्या बटणाकडं हात नेला.

समोर गोदी उभी होती. मोठी झालीय आता, ओढणी तेवढी उलटी. तिनं त्या पोराकडं पाह्यलं आणि तळहात खाली आणला, हळू हळू, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पोराचा हात बटणावरून निघाला. त्याला का ते कळलं बी नसंल.

गावात नकला करणारा म्हणून नाव माझं. मी उचललेलं बोट गुपचूप खिशात घातलं.