दुपारची कडी

धोंडीबा वस्ताद गेल्याचा निरोप मला कचेरीत मिळाला, आणि मनात पहिला प्रश्न आला तो हा, की तालमीच्या दाराला दुपारची कडी आता कोण लावणार? अशा वेळी असले प्रश्न सुचू नयेत. पण वकिलीत आयुष्य गेलेल्याला दुःखसुद्धा आधी उलटतपासणी घेतच भेटतं.

शोकसभा रीतसर झाली. जन्मात आखाड्याच्या मातीला पाय न लावलेल्या एका मानकऱ्यानं वस्तादांच्या जोर-बैठकांचा आकडा सांगितला. पुढच्या वक्त्यानं तो दुप्पट केला. मग हा माणूस जेवत कधी होता, हे कुणी विचारलं नाही... वस्ताद असते तर हसले असते, आणि हसताना हळूच कमरेला हात लावला असता.

त्या कमरेवरूनच भोरची आमची तालीम एकदा फुटायला आली होती. दुपारी तालीम रिकामी झाली की वस्ताद आत जात आणि कडी लावून घेत. आतून पावलं घासल्याचा, लांब श्वासांचा आवाज येई. जत्रेचा फड तोंडावर आलेला. पोरांनी ठरवून टाकलं, की वस्ताद दुसऱ्या तालमीच्या पैलवानाला चोरून डाव शिकवतात. त्यांचा पट्टशिष्य श्रीपती माझ्याकडे आला. "वकीलसाहेब, तुमी संशयावरच जगता. तेवढं बगा की." हे वर्णन मला नाकारता आलं नाही. शिवाय संशय मलाही होताच.

मागच्या खिडकीच्या फटीतून मी पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. वस्ताद डोळे मिटून, एका हातानं मलखांब धरून उभे होते. अंग अगदी हळू डावीकडे कललं, थांबलं, श्वास सोडत परत आलं, मग उजवीकडे. नंतर ते वाकले आणि मांड्यांवरून तळवे वर सरकवत सावकाश उभे राहिले. एवढा दांडगा देह इतका जपून हलताना पाहून मला करणीचाच वास आला.

"आत या, वकीलसाहेब," डोळे न उघडताच ते म्हणाले. "खिडकीत वाकून तुमची बी कंबर धरंल."

दुखणं जुनं होतं. शेक झाले, लेप झाले, वर आणखी बैठकाही झाल्या. मग त्यांना आई आठवली. त्यांच्या गावी, मार्गासनीला, भात लावताना दिवसभर वाकलेल्या बाया चिखलातून एकदम ताठ होत नाहीत. अशाच मांड्यांवर हात टेकत वर येतात, बांधावर जरा झुलतात, श्वास सोडतात, आणि पुन्हा वाकतात. "दुखनं जितं बोलंल तितं थांबायचं. त्येच्यासंगं कुस्ती न्हाई खेळायची."

मी म्हटलं, मग हे पोरांना सांगून टाका, ती तुम्हाला फितूर समजताहेत. मला आत घेऊन लावलेली कडी वस्तादांनी पुन्हा एकदा चाचपली.

"फितूर म्हनू द्या. फितुराला निदान भितात तरी. बायांवानी झुलतोय म्हनले, तर उद्या माज्याम्होरं लंगोट कोन बांधंल?"

बाहेर येऊन मी आत कुणी नसल्याचं सांगितलं. वकिलानं वस्तादांकडून काय घेतलं असेल, याची चर्चा त्याच संध्याकाळी सुरू झाली. काही पोरांनी यायचं बंद केलं. आणि अशात एका सकाळी श्रीपतीच्याच कमरेत चमक भरली. तो मातीत आडवा. बाकीचे त्याला हिसका देऊन उठवायला निघालेले. वस्तादांनी सगळ्यांना बाजूला सारलं, त्याला हळूहळू उभं केलं आणि त्याचा हात मलखांबावर ठेवला. क्षणभर दाराकडे पाहिलं. ते सताड उघडं होतं. मग सगळ्यांदेखत स्वतः त्याच्या शेजारी झुलू लागले. एक पोरगा हसायला गेला, पण श्रीपतीनं नुसतं वळून पाहिलं. त्या जत्रेत श्रीपती लढला नाही, तालीम मात्र फुटली नाही. दुपारची कडी पुढंही लागत राहिली. फक्त आत दोघं असत.

परवा दुपारी माझी धरलेली कंबर सांभाळत तिकडून जाताना पाहिलं, तर दार आतून बंद. थाप मारून विचारलं, आत कोण आहे?

"कोन न्हाई," श्रीपती म्हणाला आणि कडी काढली.

तेलानं काळ्या पडलेल्या मलखांबावर कमरेच्या उंचीला तळव्याएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. श्रीपती बाजूला सरकला. मी बोळात दोन्हीकडे नजर टाकली, कुणी बघत नाही याची खात्री केली, दाराला कडी लावली आणि त्या जागी हात ठेवला.