निम्म्या रानाचे कलम

तो पक्ष इतका लहान होता की त्याची सारी कार्यकारिणी एका जीपमध्ये मावत असे. सांगलीत एका पिठाच्या गिरणीवर त्यांची खोली होती. महाविद्यालयात कविता शिकवून निवृत्त झालेली मी तिथे जाहीरनाम्याची भाषा तपासायला जाऊ लागले, तेव्हा प्रत्येक कागदावर ज्वारीच्या पिठाचा मऊ थर असे आणि त्याचा उबदार, किंचित गोडसर वास दिवसभर बोटांना राही.

जाहीरनाम्यात विषय दोनच होते, सार्वजनिक आरोग्य आणि बदलते हवामान. त्यांचा नियम मात्र मी कुठे पाहिला नव्हता: जे आपण आपल्या घरी केलेले नाही, ते कलम छापायचे नाही. तापत्या पत्र्यांना चुना लावण्याचे कलम आटपाडीच्या एका शिक्षकाने लिहिले होते. त्याआधी स्वतःच्या छपराला चुना लावून त्याने त्याखाली वैशाखातल्या दुपारी काढल्या होत्या. जन्मभर शब्दांत राहिलेल्या मला शब्दांची अशी परीक्षा नवी होती.

अडले ते पाचटाचे कलम. ऊस तुटून गेल्यावर रानात उरलेला वाळका पाला म्हणजे पाचट. ते आमच्याकडे सर्रास पेटवून देतात. थंडीत त्याचा धूर कृष्णाकाठावर खाली बसतो आणि दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काजळीच्या लांबट लडी अलगद उतरतात. पक्षाची उमेदवार परिचारिकेची नोकरी सोडून आलेली होती. त्या धुरात धापा टाकणारी माणसे तिने वर्षानुवर्षे पाहिली होती, आणि त्यांतली एक तिची सासूच होती. पाचट पेटवणाऱ्यांत पहिले सासरे, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. त्यांचा ऊस नुकताच गेला होता. कलम राहणार की गळणार, ते आता त्यांच्या काडेपेटीवर होते.

मी मदत म्हणून एक वाक्य रचून दिले: ‘पीक-अवशेषांच्या दहनाऐवजी भूमातेस आच्छादनाचा शृंगार अर्पण करावा.’ तिच्या गावात, देवळासमोरच्या पारावर तिने ते वाचले. मग एक म्हातारी म्हणाली, “लग्नपत्रिका हाय का गं ही?”

पार हसला. माझे कान तापले. उमेदवाराने कागदाची घडी घातली. “पाचट पेटवायचं न्हाई. सरीत पसरून कुजवायचं. धुरानं माणसाला दम लागतोय.”

सुभेदार उठले. “आन् तुटल्या उसाच्या खोडव्याला नवा फुटवा न्हाई आला तर? उंदरं झाली तर? राखणीला तू येणार व्हय?”

“येते की. आवं आबा, रोज आत्याबाईंस्नी वाफ द्याया बसतीच की मी. धूर न्हाई तर वाफ न्हाई, तेवढाच येळ रानात बसीन.”

“सुभेदार, शत्रू घरातच घुसला की वं!” मागून कुणीतरी ओरडले.

सुभेदारांची नजर बायकांकडे वळली. तिथे त्यांची पत्नी तोंडाला पदर लावून बसली होती. तिच्या श्वासाची शीळ ऐकू येत होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी बारीक.

“निम्मं,” ते म्हणाले. “निम्मं रान तसंच ठिवीन, निम्मं पेटवीन. फुटवा बघू, मग बोलू.”

परतताना जीपमध्ये सगळे खूश होते. कलम राहिले होते. उमेदवार एकटी मान हलवत म्हणाली, “निम्मं होणार, तर निम्मंच लिहायचं.” आणि रानात तसे झाल्यावर तसेच छापले: ‘पाचट पेटवू नये. आमच्या उमेदवाराच्या घरी ते निम्म्या रानात पेटवलेले नाही. निम्म्यात पेटवले आहे.’ त्यात मी काना-मात्राही बदलली नाही. इतका उघडा, इतका देखणा गद्याचा तुकडा माझ्या हातून कधी उतरला नव्हता.

निवडणूक ते हरले. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी ते रान पाहायला गेले. अर्धे काळे, अर्धे तांबूस. काळ्या भागात कोंब आधी आले होते. सुभेदारांनी ते मुद्दाम दाखवले. मग तांबूस भागात वाकून त्यांनी पाचट बाजूला सारले. “हात घाला, बाई.”

वर ऊन चटके देत होते. खाली माती गार, ओलसर, भिजत घातलेल्या मटकीसारख्या वासाची.

“मग पुढच्या वर्षी उरलेलं निम्मं?” मी विचारले.

“आजून ठरलं न्हाई,” ते हात झटकत म्हणाले. “पर काडेपेटी हिच्याकडं दिलीया.”

बांधावर बसलेल्या त्यांच्या पत्नीने कमरेची पिशवी चाचपली. “मागून तर बघू दे,” ती म्हणाली.