पहिल्याच रिंगला उचललेला फोन

सुनेचं उद्याचं ऑपरेशन ज्या क्रेडिट कार्डावर व्हायचं तेच बंद पडलं, तशी बोनकोड्याच्या सगुणाबाईंनी कार्डामागचा नंबर फिरवला. चष्म्यावाचून एक आकडा चुकला, हे त्यांना कुठं ठाऊक! पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला; त्यांनी ‘हालो’ म्हणताच गोड आवाज आला, “कस्टमर केअर. बोला, आजी.” कार्डावरचे सगळे आकडे त्या सांगून बसल्या. मग मोबाईलवर ओटीपी आला.

“पटकन सांगा, नाहीतर कार्ड कायमचं बंद!”

दोन आकडे बोलून त्या थबकल्या.

“पोरा, मागच्या टायमाला तुमी गानी ऐकवत ठेवलं, माझा भात करपला. आज एवढी माया कशी?”

त्यांनी फोन कापला. चष्मा लावून नंबर पुन्हा फिरवला. तेच कंटाळवाणं गाणं वाजू लागलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.