हौसाकाकूच्या मानेचा रंग

दुपारचा दीड वाजलाय आणि मी पार्लरमधल्या फेशियलच्या खाटेवर आडवी पडले आहे. ही खाट गिऱ्हाइकांची. आम्ही शिकणाऱ्या मुलींनी तिच्यावर टेकायचंसुद्धा नाही, असा नियम आहे. पण मॅडम जेवायला गेल्यात, आमची प्रॅक्टिकल परीक्षा तीनला आहे, आणि माझ्याबरोबर शिकणारी शमा मघाशी म्हणाली, "वैजू, पाठ टेक जरा. तोंड बघ तुझं, परीक्षा तुझी हाय की ऑपरेशन?" ती शेजारच्या खुर्चीत बसून ब्रश पुसते आहे.

चार महिने झाले, कुणाच्या चेहऱ्यावर फाउंडेशन लावायची वेळ आली की माझा हात थांबतो. थरथरत नाही, थांबतो. मॉडेल डोळे मिटून वाट बघत असते आणि मी स्पंज धरून नुसती उभी. सराव परीक्षेत दोनदा असं झालं. आज तिसऱ्यांदा झालं तर मॅडम सर्टिफिकेट देणार नाहीत, मग मी इचलकरंजीला परत जाऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरीन. कांड्या भरण्यात वाईट काही नाही, माझ्या आईनं जन्मभर भरल्या. पण मला चेहरे करायचे आहेत, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आज चिठ्ठीत माझ्या वाट्याला पद्मल नावाची मुलगी आली आहे. नर्सिंगला शिकते, चांगली सावळी आहे. तिला नवरी करायची. मॅडमनी सकाळीच बजावलंय, "दोन शेड वर घे हं. नवरी उजळ दिसली पाहिजे." हा इथला पहिला धडा. पहिल्या आठवड्यात वहीत लिहून घेतला होता आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

मी डोळे मिटते. रिंग लाइटचं गोल कडं पापण्यांच्या आत हिरवं दिसत राहतं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारतंय, ती काही सुरू होत नाही. मग तो आवाज मागांचा होतो, खटाक खटाक, आमच्या गल्लीतला. मी अजून खाटेवरच आहे, पण खाट आमच्या घराच्या मागच्या खोलीत आहे.

"सरक तिकडं," हौसाकाकू म्हणते. "माझी जागा हाय ती."

हौसाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. चार महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत गेली. हे मला इथंही नीट माहीत आहे, तरी मी मुकाट्यानं सरकते.

जागा तिचीच होती. मी कोल्हापुरात या कोर्सला लागले तेव्हा घरात कुणीच मला सरावाला तोंड द्यायला तयार नव्हतं. आई म्हणायची, असली थेरं मला नकोत. बहिणीला पुरळ येण्याची भीती. मी दर रविवारी घरी गेले की काकू मात्र हातातलं काम टाकून यायची, पदर खोचून समोर बसायची आणि म्हणायची, "हं, रंगव." मी तिचे ओठ वाकडे केले, भुवया दाराच्या कडीएवढ्या जाड केल्या. एकदा खोट्या पापण्या चिकटवल्या त्या निघेनात, तर ती तशीच दळण आणायला गेली.

ती खाटेवर बसते आणि तोंड माझ्याकडे करते. मी दुसरीकडे बघते.

"बघ की. तूच केलंयस."

मी बघते. तोंड गुलाबी पांढरं आहे, त्याच्याखाली राखेसारखी छटा. मान तिची स्वतःची, गर्द सावळी. हनुवटीखाली दोन्हींच्या मधे सरळ रेघ.

अंगणात बायका जमल्यात. काकू जमिनीवर निजली आहे आणि त्याच वेळी माझ्याशेजारी उभीही आहे. नवरा असताना, अहेव गेली म्हणून तिला हिरवी साडी नेसवली आहे, हातात हिरवा चुडा भरला आहे, कपाळभर मळवट भरायला कुंकवाचं ताट आणलं आहे. एक म्हातारी मला म्हणते, "पोरी, तू शिकतीयास न्हवं? तोंड उतरलंय बघ बाईचं. जरा नीट कर." मी पेटी उघडते. त्या घटकेला मी काहीही विचार करत नाही. हात सवयीनं दोन शेड वरच्या बाटलीवर जातो. बायका म्हणतात, किती उजळ दिसाय लागली, नवी नवरी जशी. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

मग काकाला शेवटचं बघायला आणतात. तो वाकतो, बराच वेळ बघतो आणि कुणाला न विचारता म्हणतो, "हौसा अशी न्हवती." एवढंच. पुसायला वेळ नसतो. तिला उचलतात.

"चला, हे बघून झालं," माझ्याशेजारी उभी असलेली काकू म्हणते. "आता काम कर. चार म्हयनं मी भाईर बसून हाय."

"कुठं बाहेर?"

"दारात. आत माझी सासू, माज्या आधी गेल्याली. म्हणती, ही आमची न्हवं, आमची सून काळी हाय. आता तिला काय आधार कार्ड दाखवू?"

मला हसू येतं. मी तशी रडणाऱ्यातली नाही, पण हसता हसता रडायला येतं आणि थांबत नाही. काकू मला रडू देते. तिला घाई नाही. माझ्या हातात खोबरेल तेलाची वाटी आहे, कापूस आहे. मी तेल लावून तो रंग उतरवायला लागते. कापूस गुलाबी होतो, दुसरा घेते, तिसरा घेते. काढताना हात चालतो. काढायला तो कधी अडतच नव्हता.

"निघालं?"

"निघालं."

"मग लाव आता."

आम्ही कार्यालयात आहोत, नवरीच्या खोलीत. भिंतीला बॅगा टेकवलेल्या, कुणाचं तरी बाळ गाद्यांवर झोपलेलं, वर ट्यूबलाइट. काकूच्या अंगावर शालू आहे, तो तिला कधी मिळाला नव्हता. दाराबाहेरून आवाज येतो, नवरीला आणा, नवरीला आणा. मी स्पंज उचलते. तिच्या गालापासून वीतभर अंतरावर हात थांबतो.

"थांबला," मी म्हणते.

"दिसतंय मला."

"असाच थांबतो. आज परीक्षा आहे माझी."

"भ्यालाय तो. बरं हाय. त्या दिवशी भ्यायला पायजे हुता, तवा न्हाई भ्याला." ती माझं मनगट धरते. तिचा हात गरम आहे, रंगाच्या पाण्यातून नुकता काढल्यासारखा. "आंधळ्यागत चालायला तो आता तयार न्हाई. त्याला नीट सांग कुठला रंग ते. मग चालंल."

ट्रॉलीवर सहा बाटल्या आहेत. मी एकेक उजेडात धरून बघते. एक गव्हाळ, एक त्याहून फिकी, एक बिस्किटासारखी. शेवटची सगळ्यांत गडद, तीही तिच्यापर्यंत पोचत नाही.

"यात तू नाहीस," मी म्हणते.

"मग कालव की. विकत आणल्याला रंग कवा कुणाला जुळलाय? आणि या टुबलाइटखाली काय बघतीस? चल भाईर."

दाराबाहेर तिचा सूत रंगवण्याचा कारखाना आहे. वीस वर्षं तिनं तिथं काम केलं. बांबूंवर ओल्या लड्या टांगल्यात, निळ्या, किरमिजी, मोरपंखी, खाली पाणी ठिबकतंय. काकूची नोकरी टिकली ती डोळ्यांवर. मालकसुद्धा नमुन्याशी रंग जुळला की नाही हे तिला विचारायचा, आणि ती लडी घेऊन आधी दारात जायची, मगच बोलायची.

ती उंबऱ्यावर बसते. सकाळचं ऊन तिच्या गळ्यावर पडलं आहे. मी डावा हात पालथा धरते आणि त्याच्यावर रंग घेते. गडद तपकिरी, त्यात थोडा पिवळा. बोटानं कालवते आणि हात तिच्या मानेशी नेते.

"आला?"

"राखट दिसतोय."

"मग तांबूस घाल. नखभर. लई नगं."

लिपस्टिकच्या टोकावरनं नखभर घेते. कालवते. पुन्हा मानेशी धरते. वाटतं जुळला, आणि मी स्पंजाकडे वळते.

"थांब. ओला हाय. ओलं गडद दिसतं, वाळलं की उतरतं. वाळू दे."

आम्ही वाळायची वाट बघतो. पाणी ठिबकत राहतं. मी हात गुडघ्यावर ठेवला आहे, त्यावरचा ठिपका उन्हात आहे. मला चार महिने जे बोलायचं होतं ते आता बोललं नाही तर कधी बोलणार?

"काकू, मला तुला गोरी करायची नव्हती."

"मग?"

"चांगली करायची होती."

ती माझ्याकडे बघत नाही, लड्यांकडे बघते. "आन् तुला दोन्ही एकच वाटलं."

"हो."

"शिकवलं तसं केलंस."

"शिकवलं तसंच. पण हात माझा होता. आणि मला तुझं तोंड पाठ होतं. कुठल्या गालावर देवीचा व्रण, कुठली भुवई उतरती, सगळं. तरी केलं. मला लाज वाटते त्याची."

"वाटू दे," काकू म्हणते. "लाज वाईट न्हाई. निस्ती धरून बसू नगंस, तिचा उपेग कर. आन् रडू नगं, रंग पातळ हुतोय."

मी डोळे पुसते, उजव्या हातानं.

"मॅडम दोन शेड वर घ्या म्हणाल्यात. नाही घेतलं तर नापास करतील."

"करू दे. परत बसशील. मी रविवारी किती वेळा बसलो?"

इचलकरंजीच्या बायका अशाच बोलतात, गेलो, आलो, बसलो. कोल्हापुरात आल्यावर मॅडमनी माझं ते बोलणं सोडवलं होतं, गिऱ्हाइकांपुढे बरं दिसत नाही म्हणून. ते कानावर पडतं आणि माझी पाठ आपोआप ताठ होते.

ठिपका वाळला आहे. मी हात तिच्या जबड्याखाली धरते आणि तो ठिपका दिसेनासा होतो. म्हणजे असतो, पण तो कुठे संपतो आणि तिची मान कुठे सुरू होते ते मला सांगता येत नाही. मी खूप वेळ बघते, कारण मला खात्री करायची आहे.

मग मी लावायला लागते. कपाळ, नाक, गाल. हात चालतो. देवीचा व्रण मी झाकत नाही. हनुवटीखालची रेघ जाते आणि हळूहळू समोर हौसाकाकू येते. तिला थोडी विश्रांती मिळालेली आहे, एवढाच काय तो फरक.

"आरसा देऊ?"

"मला कशाला? मला ठावं हाय मी कशी हाय." ती उठते, पदर खोचते. "सासूला दावतो. बघू आत घेती का."

"काकाला काय सांगू?"

"सांग, येळंवर जेव. दुसरं काय सांगायचं असतंय."

ती लड्यांच्या मधून जाते. निळी हलते, किरमिजी हलते. मागांचा आवाज वाढत जातो आणि मग ती स्कूटर एकदाची सुरू होते.

"ए वैजू, ऊठ. पावणेतीन झाले," शमा माझा खांदा हलवते.

मी उठून बसते. खाटेवरची चादर नीट करायला हात पुढं करते आणि तसाच धरून ठेवते. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर रुपयाएवढा ठिपका आहे. गडद तपकिरी, आत तांबूस झाक, पूर्ण वाळलेला. माझा हात गव्हाळ, त्यावर तो लांबूनही दिसेल. मी नखानं कड खरवडते. नखात रंग येतो.

"शमा, मी उठले होते का मधे?"

"कुठली उठतीस? घोरत होतीस. मी इथनं हललेली नाही."

माझी पेटी खाली आहे, बंद. कडी लावलेली. मी ती उघडते, पण हात धूत नाही.

पद्मल खुर्चीत येऊन बसली आहे. मॅडमनी तिच्यासमोर बाटली काढून ठेवली आहे, दोन शेड वरची. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई हातात कागद घेऊन कोपऱ्यात बसल्यात. मी बाटली उचलून बाजूला ठेवते आणि पद्मलला म्हणते, "जरा गॅलरीत चल."

"कुठं निघालीस?" मॅडम विचारतात. "शेड काढून दिलीय ना तुला?"

"ती हिची नाही, मॅडम. उजेडात बघून येते."

मॅडम ओठ आवळतात. परीक्षक बाई कागदावर काहीतरी लिहितात. काय लिहिलं ते मला दिसत नाही, आणि मी थांबून बघत नाही.

गॅलरीत दुपारचं स्वच्छ ऊन आहे. मी पालथा हात पद्मलच्या मानेशी धरते. जुळत नाही. पद्मलचा रंग उजळ नाही, पण काकूपेक्षा पिवळसर आहे, तांबूस अगदीच कमी. मी त्या ठिपक्याच्या शेजारी नवा रंग घेते आणि बोटानं कालवायला लागते. बोट चालतं आहे.

पद्मल माझ्या हाताकडे बघते. "हा दुसरा माझा, होय? मग पहिला कुणाचा?"

"माझ्या काकूचा," मी म्हणते. "तुझा वाळू दे जरा. हं, आता मान वर कर."