स्टेटचा परतावा आणि तुबलीचं गॅरेज

हे लिहिण्याचा आगाऊपणा करतो आहे, त्याबद्दल आधीच माफी असावी. माझी मराठी शाळा सातवीतच सुटली. पुढचं सगळं इंग्रजीत, आधी बहरीनला आणि आता अमेरिकेत. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कागदातलं मला सगळं कळतं, असं बाबांना वाटतं. तसं नाही.

मागच्या सुट्टीत मी बहरीनला बाबांकडे गेलो होतो. ते तुबलीच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचं डेंटिंग करतात. माझं कॉलेज सुरू झालं तशी आई गावी परतली आणि बाबा सलमाबादला कंपनीच्या खोलीत राहू लागले. तीन वर्षांनी त्यांना आईकडे जायला रजा मिळाली होती.

अमेरिकेत टॅक्स दोन ठिकाणी असतो: देशाचा, त्याला फेडरल म्हणतात, आणि राज्याचा, म्हणजे स्टेटचा. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करायचो. स्टेटने पगारातून जास्त कापलं होतं, ते परत मिळणार होतं. फेडरलचं मात्र आदल्या वर्षीचं देणं राहिलं होतं. शिष्यवृत्तीतल्या राहण्या-जेवणाच्या पैशांवरही टॅक्स लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. स्टेटचे आले की फेडरलचे भरायचे, असं मी ठरवलं होतं. स्टेटची वेबसाइट म्हणत होती, परतावा दीड महिन्यापूर्वीच दिला. बँकेत काहीच नव्हतं.

"आरं, कापलेलं सरकार परत देतंय व्हय?" बाबांनी विचारलं. बहरीनमध्ये त्यांच्या पगारातून टॅक्स कधी कापलाच गेला नव्हता. "आन् सरकारं किती हायत तिथं?"

"दोन."

"तुझ्यासारख्या एका पोराला दोन सरकारं कशाला लागत्यात?"

मी बँकेचं खातं पुन्हा उघडून पाहिलं. बाबा म्हणाले, "गुरुवारपातूर बघू. न्हाईतर मालकाकडनं उचल घेतो. अर्ज लिहून ठेव इंग्रजीत."

गॅरेजची रीत अशी, की उचल फिटेपर्यंत रजा नाही. मी अर्ज लिहिला, पण तारीख घातली नाही.

अमेरिकेतली ऑफिसं उघडतात तेव्हा बहरीनमध्ये दुपार उलटलेली असते. तिसऱ्या दिवशी स्टेटच्या टॅक्स ऑफिसातल्या एका बाईंनी फोन उचलला. "पत्र पाठवलं आहे, त्यात सगळं आहे," म्हणाल्या. कोणत्या पत्त्यावर? त्यांनी गॅरेजच्या पोस्टबॉक्सचा नंबर वाचून दाखवला. बहरीनमध्ये आमच्यासारख्यांचं टपाल कंपनीच्या बॉक्समध्येच येतं. शाळेपासून मी प्रत्येक फॉर्मवर तोच नंबर लिहीत आलो, आणि टॅक्सच्या फॉर्मवरही सवयीने तोच लिहिला.

गुरुवारी गॅरेजच्या ऑफिसात गेलो. केरळचे कारकून चहा पीत होते.

"अंकल, अमेरिका से कोई लेटर आया था?"

"आया ना! सरकारी पेपर था, तुम्हारे बाबा की फाइल में डाल दिया. एकदम सेफ."

त्या ऑफिसात कामगाराचा कुठलाही सरकारी कागद आला की थेट त्याच्या फाइलमध्ये जातो. पाकिटावर आमचं आडनाव होतं, एवढं त्यांना पुरलं. बाबांच्या व्हिसाच्या कागदांमागे ते पाकीट न उघडता लावलेलं होतं.

पत्र मी तीनदा वाचलं. परतावा मला न देता फेडरलच्या मागणीवरून त्यांच्याकडे वळवला होता. म्हणजे पैसे गेले, की देणं फिटलं? बाकी किती, याचा एक शब्दही नव्हता.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय लिवलंय? जाऊ का मालकाकडं?"

"थांबा, बाबा."

मी फेडरलला फोन लावला. तासभर संगीत वाजत राहिलं. बाबा दोनदा कामावर जाऊन परत आले. शेवटी एका माणसाने माझा टॅक्सचा नंबर विचारला आणि म्हणाला, की स्टेटकडून आलेली सगळी रक्कम माझ्या देण्यात जमा झाली आहे आणि आता फक्त अकरा डॉलर बाकी आहेत.

"किती म्हनतोय?" बाबांनी विचारलं.

"चार दिनार," मी म्हणालो. "वर थोडे फिल्स."